व्हिजिटर व्हिसावर जाऊन नोकरी शोधावी का?

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनिअर, वय 33. पत्नी नर्स आहे, मुलगी लहान आहे. आम्हाला जर्मनीत स्थायिक व्हायचं आहे. एजंट म्हणतो, ‘आधी तुम्ही एकटे व्हिजिटर व्हिसावर जा, तिथे नोकरी बघा, व्हिसा मागाहून बदलून मिळतो.’ जावं का? — एक वाचक

उत्तर : जाऊ नका. पर्यटनाच्या शेंगेन व्हिसावर (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, नोकरी करता येत नाही. निवड झाली तरी सहसा मायदेशी परतून कामाच्या व्हिसासाठी नव्याने अर्ज करावा लागतो. शिवाय अर्जात ‘पर्यटन’ लिहिणं म्हणजे खोटी माहिती देणं. अशा खोटेपणाबद्दल कॅनडा 5 वर्षं दार बंद करतो, ब्रिटन 10 वर्षं. एजंटचं काही बिघडत नाही. अर्जावर सही तुमची असते.

पुढेमागे फिरायला गेलात तर पासपोर्टवरचं व्हिसाचं स्टिकर नीट वाचा. समजा, व्हिसाच्या मुदतीच्या दोन तारखांमध्ये 45 दिवस दिसतात आणि मुक्कामाच्या रकान्यात 30 असतं. राहायचं ते 30च दिवस. वरचे 15 प्रवास मागेपुढे झाला तर म्हणून दिलेले असतात. शेवटची तारीख बघून निवांत राहिलेल्या माणसांची पत्रं माझ्याकडे येतात आणि वाचून जीव तुटतो.

नोकरी शोधायलाच जायचं तर त्यासाठी जून 2024 पासून जर्मनीचं ‘चान्सनकार्ट’ म्हणजे ‘संधी-कार्ड’ आहे. मुदत 1 वर्षापर्यंत, नोकरीचं पत्र हातात असण्याची अट नाही, आठवड्याला 20 तास काम करता येतं. तुमची पदवी मान्यताप्राप्त हवी, जर्मन ए-1 (भाषेची अगदी सुरुवातीची पातळी) किंवा इंग्रजी बी-2 (बऱ्यापैकी वरची पातळी) हवं, खर्चाची तजवीज दाखवावी लागते आणि किमान 6 गुण जमवावे लागतात. तुमच्या वयाला त्यातले 2 मिळतात.

पण तुमचं पत्र वाचताना मी अडखळले ती ‘पत्नी नर्स आहे’ या तीन शब्दांपाशीच. अहो, तुमच्या घरातली भक्कम फाइल त्यांची आहे! जर्मनीला नर्सेस हव्या आहेत. मुख्य अर्जदार त्या होऊ शकतात, आणि त्यांना कुशल कर्मचारी म्हणून राहण्याचा परवाना मिळाला की जोडीदार म्हणून तुम्हालाही तिथे नोकरीची मुभा असते. वाट सोपी नाही. नर्सिंग तिथे परवान्याचा पेशा आहे. शिक्षण तपासलं जातं, कमी पडलं तर पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा, आणि जर्मन साधारण बी-2 पर्यंत. भाषेलाच वर्ष-दीड वर्ष सहज जातं. शिक्षणाच्या मान्यतेचा अर्ज ज्या राज्यात काम करायचं तिथल्या कार्यालयाकडे जातो, म्हणून राज्य आधी ठरवा.

त्याच्याही आधी त्यांना विचारा. एवढ्या पत्रात त्यांना काय हवंय याची एक ओळ नाही, आणि घर, लेकरू, ड्युटी सांभाळून जर्मन शिकायचं आहे ते त्यांना.