पॅरिसला ८ आणि १३ वर्षांची मुलं घेऊन जातोय. चौघांचाही म्युझियम पास (बऱ्याच संग्रहालयांचं नि स्मारकांचं मिळून एकच तिकीट) काढावा का?

मुलांचा अजिबात नको! लूव्र आणि ऑर्से ही संग्रहालयं, व्हर्सायचा राजवाडा, सेंत-शापेल हे चर्च, आर्क द त्रिऑम्फ ही कमान, सगळीकडे १८ वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट आहे, आपल्याकडच्या मुलांनाही. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा. फुकट असलं तरी लूव्रसाठी मुलांचीही वेळ आधी ऑनलाइन आरक्षित करावी लागते, हे बरेच जण विसरतात.

तुम्हा दोघांचा पास मात्र गणित करूनच घ्या. तो ४८, ९६ किंवा १४४ तासांचा मिळतो आणि पहिल्या प्रवेशापासून तास धावू लागतात. लूव्र मंगळवारी बंद, ऑर्से आणि व्हर्साय सोमवारी. त्यामुळे रविवारी पास सुरू केलात तर पैसे पाण्यात. शिवाय मुलांसोबत दिवसाला दोनपेक्षा जास्त ठिकाणं होत नाहीत. आमचा धाकटा लूव्रमध्ये मोनालिसाकडे ढुंकूनही न बघता इजिप्तच्या ममीपाशी अर्धा तास खिळून होता, मग "पाय दुखतात"! आम्ही सुटी तिकिटंच काढली.

आयफेल टॉवर या पासमध्ये येत नाही. तिथे चार वर्षांखालीच फुकट, तुमच्या दोन्ही मुलांना सवलतीचं तिकीट लागेल.