नेम पुढे निसटतोय? सेन्सिटिव्हिटीला हात लावू नकोस, आधी डेडझोन बघ

"स्कोप उघडला की क्रॉसहेअर (नेमाची खूण) आधी जागचा हलतच नाही, आणि हलला की समोरच्याला ओलांडून पुढे जातो. सेन्सिटिव्हिटी 4 पासून 12 पर्यंत करून पाहिली, एका स्ट्रीमरची सेटिंग्ज जशीच्या तशी टाकली. जुना कंट्रोलर ड्रिफ्टमुळे गेला, नवीन घेतला, तरी तेच." भावा, तुझं हे वाचलं आणि माझं वाया गेलेलं वर्ष आठवलं.

मोशन ब्लर बंद, टीव्ही गेम मोडवर, हे तू केलंच असशील, त्यात शब्द घालवत नाही. मी वॉरझोन या गोळीबाराच्या गेमपुरतं बोलतोय. सेन्सिटिव्हिटी म्हणजे स्टिक ढकलल्यावर नेम किती वेगाने फिरतो ते, आणि डेडझोन म्हणजे स्टिकच्या मध्याजवळची ती जागा जिथली हालचाल गेम मोजतच नाही. दुसऱ्या गेममध्ये नावं वेगळी आणि आकड्यांची मापंही वेगळी असतात.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, माझी खोली टॉवेलच्या कारखान्याला लागून. माग सुरू असले की सुताची बारीक पांढरी भुकटी दाराच्या फटीतून आत येते आणि सगळीकडे बसते. कंट्रोलर आठ महिन्यांत ड्रिफ्ट मारायला लागला. हात न लावता क्रॉसहेअर हळूहळू डावीकडे सरकायचा. वॉरंटी होती म्हणून सेवा केंद्राकडे पाठवला. कोणतं ते विचारू नकोस. तेवीस दिवसांनी परत आला, न दुरुस्त करता. सोबत चिठ्ठी: आत बाहेरची धूळ गेली आहे, वॉरंटी लागू नाही, पैसे भरून करायचं तर कळवा. फोन केला तर बाई म्हणाल्या, "सर, धुळीच्या जागी वापरू नका." अहो मॅडम, सोलापुरात राहतो मी! धूळ नसलेली जागा शोधायला कुठे जाऊ, सिद्धेश्वर तलावाच्या मधोमध बसून खेळू?

पण खरा घात माझा मीच केला. एका जाणकाराने सांगितलं, "डेडझोन वाढव, ड्रिफ्ट दिसणारच नाही." नेम फिरवायच्या उजव्या स्टिकचा किमान डेडझोन 22 केला. ड्रिफ्ट खरंच गायब! मी खूश. चार महिन्यांनी पैसे साठवून नवा कंट्रोलर घेतला आणि तो आकडा तसाच राहिला. सेटिंग कंट्रोलरमध्ये नसतं, प्रोफाइलमध्ये असतं, हे डोक्यातच आलं नाही. कोऱ्या स्टिकला मी जुन्या आजाराचं प्लास्टर घालून खेळत होतो.

आता हे नेमकं काय करतं बघ. डेडझोन 22 म्हणजे अंगठा जवळजवळ पाचवा हिस्सा ढकलतो तोवर गेमला काही कळतच नाही. नेम लागतो तो याच बारीक हालचालींवर. केसभर उजवीकडे घ्यायचंय, तू ढकलतोस, काही होत नाही, आणखी ढकलतोस, आणि एकदम उडी. तू लिहिलेलं "हलतच नाही, मग पुढे जातो" ते हेच असावं. मी मात्र सेन्सिटिव्हिटी कमी केली, मग वळायला उशीर व्हायला लागला, म्हणून वाढवली, मग परत उडी. रोज रात्री हाच धंदा.

कळलं ते गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी. बार्शीचा आतेभाऊ यात्रेला आला होता. रात्री त्याने माझ्याच कंट्रोलरवर स्वतःचं प्रोफाइल उघडलं. दोन मॅच मी त्याच्या प्रोफाइलवर खेळलो आणि क्रॉसहेअर मांजरासारखा अंगठ्यामागे यायला लागला. दोघांची सेटिंग्ज फोनवर फोटो काढून शेजारी ठेवली. त्याचा डेडझोन 4, माझा 22. आतेभाऊ एवढंच म्हणाला, "काय बे हे?"

तर तू असं कर. उजव्या स्टिकचा किमान डेडझोन शून्यावर आण, कंट्रोलर टेबलावर ठेव, हात लावू नकोस. क्रॉसहेअर सरकला तर एकेक वाढव. जिथे थांबेल त्याच्यावर एक-दोन ठेव, बास. स्टिक चारही बाजूंना ढकलून सोडून बघ, कधी कधी एकाच बाजूने परतताना ती नीट मध्ये येत नाही. मग रिस्पॉन्स कर्व्ह, म्हणजे अंगठा किती ढकलला की नेम किती फिरायचा त्याचं सेटिंग. माझं मत डायनॅमिक. लिनियर या दुसऱ्या पर्यायात हाताची थरथरही जशीच्या तशी उतरते, पण तुझा हात स्थिर असेल तर माझं ऐकू नकोस. सेन्सिटिव्हिटी सगळ्यात शेवटी. 6 वर ठेव आणि आठवडाभर शिवू नकोस, हरलास तरी. त्या स्ट्रीमरचे आकडे फेकून दे. त्याचा अंगठा, त्याचा मॉनिटर, त्याची स्टिक यातलं काहीच तुझ्याकडे नाही.

नवा कंट्रोलर साध्या पोटेन्शिओमीटरचा (स्टिक किती ढकलली ते मोजणारा भाग) असेल तर तोही झिजणार, आतली पट्टी घासूनच चालते. हॉल इफेक्ट प्रकारच्या स्टिकमध्ये चुंबक असतो, घासणं नाही, म्हणून पुढच्या वेळी तोच घे. तोवर खेळून झालं की कंट्रोलर डब्यात. मी शेंगाचटणीची रिकामी बरणी वापरतो, धुऊन, नाहीतर दुसराच ड्रिफ्ट सुरू व्हायचा.

आत्ता तुझा उजव्या स्टिकचा आकडा किती आहे तेवढं लिही.