मुलीला समुद्री शैवालात करिअर करायचंय, घरचे साशंक आहेत

ताई, नमस्कार.

तुमची मुलगी बारावी विज्ञानाला आहे, तिला समुद्री शैवालाचंच शिकायचंय. आजी म्हणते, शेवाळावर पोट भरतं का? आणि तिचे बाबा मालवणात लगेच शैवाल लागवडीचे दहा तराफे टाकायला निघालेत. तुमच्या पत्रात असे दोन प्रश्न आहेत.

आधी तराफ्यांचं. तामिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर कप्पाफायकस नावाचं समुद्री शैवाल लावतात. बांबूचा 3 बाय 3 मीटरचा तराफा, 20 दोऱ्या, दोरीला 20 तुकडे, प्रत्येकी 150 ग्रॅम. म्हणजे 60 किलो बियाणं. सगळं नीट झालं तर 45 दिवसांत 240 ते 260 किलो. त्यातलं 60 किलो पुढच्या लावणीला ठेवायचं, उरलेलं वाळून साधारण दहावा हिस्सा होतं. हाती येतं 18 ते 20 किलो. हिशोब त्यावर मांडा. कोकणात जूनपासून लाटा तराफे मोडतात, खाडीच्या तोंडाशी पावसाच्या गोड्या पाण्याने खारेपणा उतरतो आणि शैवालाच्या फांद्या पांढऱ्या पडून गळतात. पावसाळ्यात बियाणं कुठे जगवणार? हे ठरल्याशिवाय एकही तराफा नको. शिवाय ही जात बाहेरून आणलेली आहे. तामिळनाडूजवळच्या मन्नारच्या आखातात कुरुसडई बेटाजवळ ती प्रवाळांवर पसरली. मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत, तेव्हा जागा ठरवण्याआधी मत्स्यव्यवसाय आणि वन खात्यांना विचारा.

आजींना सांगा, पोट भरतं, पण बहुतेकदा शैवालातून पुढे बनणाऱ्या मालावर. कप्पाफायकसमधून कॅराजीनन, ग्रॅसिलारियामधून अगार, सरगॅसममधून अल्जिनेट निघतं, ही सगळी पदार्थांना दाटपणा आणणारी द्रव्यं. नाशिकचे द्राक्षबागायतदार शैवालाचा अर्क फवारतात. 2021 पासून असे अर्क खत नियंत्रण आदेशाखाली आले, त्यामुळे उत्पादकाला मालाची चाचणी आणि नोंदणी करावी लागते. प्रयोगशाळेत गुणवत्ता तपासणारी माणसं इथे लागतात. महाराष्ट्रात केवळ शैवालाच्या नोकऱ्या आज मोजक्याच आहेत, म्हणून पाया रुंद हवा.

त्यासाठी रत्नागिरीजवळ शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, चार वर्षांची बी.एफ.एस्सी., म्हणजे मत्स्यशास्त्राची पदवी. बारावीला जीवशास्त्र हवं, सीईटी पीसीबी गटातून द्यावी. मत्स्यशेती, पाण्याची तपासणी, प्रक्रिया सगळं शिकल्यावर शैवालात नाही जमलं तरी वाट बंद होत नाही. पुढे वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत एम.एफ.एस्सी. करता येते. संशोधनच करायचं असेल तर वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून भावनगरच्या केंद्रीय लवण व समुद्री रसायन संशोधन संस्थेकडे पाहावं.

आत्ता मात्र तिला एक काम द्या. पावसाळा सरला की अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, मोठ्या ओहोटीत खडकावर जायचं, भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत खालचा खडक उघडाच पडत नाही. एकटीने नाही, आणि भरती लागायच्या तासभर आधी परत. वरच्या खडकापासून पाण्यापर्यंत दोरी ताणायची, दर पाच मीटरला अर्धा मीटरची चौकट ठेवून कोणतं शैवाल किती भागात आहे ते लिहायचं. अल्वा, पडायना, सरगॅसम, कॉलर्पा ही शैवालं ओळखायला लागली की फरक दिसतो: कोणतं उन्हात तग धरतं, कोणतं डबक्यातच राहतं, कुठे माशांची पिल्लं लपतात. नमुना हवा तर शेंडा कापावा. बुडखा उपटला तर त्या जागी पुन्हा फुटवा येत नाही. मन्नारच्या आखातातले जेलिडिएला या शैवालाचे साठे असेच ओरबाडून खालावले.

चार महिने दर उधाणाला ही नोंद ठेवूनही तिचा उत्साह टिकला, तर शिरगावचा अर्ज निर्धास्त भरा.