मुलाला दमा नाही, फक्त शिंका येतात. मेलबर्नच्या 'थंडरस्टॉर्म अस्थमा'ची काळजी करावी का?

नाशिकहून मेलबर्नला येऊन दोन वर्षं झाली, ऑक्टोबर लागला की सात वर्षांच्या मुलाला शिंकांवर शिंका, डोळे लाल. पण दमा नाही, मग थंडरस्टॉर्म अस्थमाबद्दलची (वादळाच्या वेळी अचानक येणाऱ्या दम्याच्या झटक्याबद्दलची) शाळेची सूचना त्याला लागू होते का, आणि सासूबाई म्हणतात तशी दम्याच्या पंपाची, म्हणजे इन्हेलरची, सवय लागते का, असं तुम्ही विचारलंय.

सूचना त्याला नक्की लागू होते. मी इथेच, पश्चिमेच्या उपनगरात राहते आणि माझ्या मुलीलाही हाच त्रास आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

21 नोव्हेंबर 2016, सोमवार. दिवसभर उकाडा आणि संध्याकाळी वादळ. पुढच्या 30 तासांत श्वासाच्या तक्रारी घेऊन नेहमीपेक्षा सुमारे 3,400 जास्त माणसं इमर्जन्सीत आली. 10 जण दगावले. त्रास झालेल्यांपैकी कितीतरी जणांना आधी दमा असल्याचं माहीतच नव्हतं. गवताच्या परागकणांची ॲलर्जी, म्हणजे 'हे फीव्हर' (hay fever), मात्र बहुतेकांना होती. आणि आपल्या उपखंडातून किंवा आग्नेय आशियातून आलेल्या घरांतली माणसं त्यांत प्रमाणाबाहेर जास्त होती. तुमच्या मुलासारखं इथे आल्यावर एक-दोन मोसमांनी शिंका सुरू होणं आपल्या लोकांत अगदी नेहमीचं आहे.

शहराच्या उत्तरेला आणि पश्चिमेला कुरणांत रायग्रास नावाचं गवत वाढतं. त्याचा अख्खा परागकण आकाराने मोठा, तो नाकातच अडकतो, म्हणून शिंका येतात. वादळात तेच कण वर उचलले जातात, ओलाव्याने फुटतात आणि त्यांतून पिष्टाचे अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. पावसाच्या पुढे जो गार वारा जमिनीलगत येतो, तो हे सूक्ष्म कण घेऊन येतो आणि ते थेट छातीत उतरतात. आपण वळवाचं वारं सुटलं की अंगणात धावणारी माणसं. पाऊस आला की हवा धुतली जाते, हे आपल्या मनात पक्कं बसलेलं. इथे धोका नेमका त्या पहिल्या वाऱ्यात असतो. म्हणून थंडरस्टॉर्म अस्थमाचा अंदाज वाईट असेल त्या दिवशी वारा सुटायच्या आत मुलाला घरात घ्या, दारं-खिडक्या लावा. घरात इव्हॅपोरेटिव्ह कूलर असेल तर तो बंद करा. विदर्भातल्या वाळ्याच्या कूलरसारखाच तो बाहेरची हवा आत ओढतो. 1 ऑक्टोबर ते 31 डिसेंबर रोज हा अंदाज येतो, विकइमर्जन्सी (व्हिक्टोरिया राज्याच्या आपत्कालीन सूचनांचं) ॲपवर सूचना चालू ठेवा.

आता पंप. निळ्या पंपातल्या साल्ब्युटामॉलचं व्यसन लागत नाही. श्वासनळ्यांभोवतीचे आवळलेले स्नायू ते सैल करतं, आणि औषध थेट छातीत जात असल्याने सिरपपेक्षा मात्रा कितीतरी कमी लागते. पंप वारंवार लागायला लागला तर त्याचा अर्थ आतली सूज आटोक्यात नाही; तेव्हा डॉक्टरांकडे जाऊन रोजच्या प्रिव्हेंटरबद्दल, म्हणजे ही सूज आटोक्यात ठेवणाऱ्या औषधाबद्दल, विचारायचं. सासूबाईंना हे शांतपणे सांगा. त्यांची भीती आपल्याकडच्या घराघरात आहे आणि तिच्यापायी मुलांना औषध उशिरा मिळतं, याचं मला फार वाईट वाटतं.

निळा पंप फार्मसीत चिठ्ठीशिवाय मिळतो. सोबत स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लॅस्टिकची पोकळ नळी, घ्याच. पंप हलवा, स्पेसरला लावा, एक पफ, मुलाला त्यातूनच चार श्वास घेऊ द्या. असे एकेक करून चार पफ. चार मिनिटं थांबा. फरक नाही पडला तर पुन्हा चार, आणि तरीही नाही तर 000 (इथला आपत्कालीन नंबर). बोलताना वाक्य तुटत असेल, श्वासागणिक बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर वाट न पाहता आधी 000 लावा आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत पफ देत राहा. स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन तसाच वाळू द्या. फडक्याने पुसला तर प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतींनाच चिकटतं.

नाकाचा इलाजही मनावर घ्या. स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे मोसमाच्या आधीपासून रोज मारला तरच त्याचा खरा उपयोग होतो, म्हणून ऑगस्टमध्येच जीपींची (फॅमिली डॉक्टरांची) वेळ घ्या. रात्रीचा खोकला, खेळताना लागणारी धाप, छातीतली घरघर यांतलं काहीही असेल तर तिथे आवर्जून सांगा, आणि त्रास झाल्यास काय करायचं याचा लेखी ॲक्शन प्लॅन मागून त्याची एक प्रत शाळेत द्या.