टेन्शनमुळे हार्ट अटॅक येतो का?

प्रश्न असा आहे: "वडिलांना (वय ५८) दोन महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक आला. त्याआधी मी स्पर्धा परीक्षेची तयारी सोडली होती. त्या टेन्शनने अटॅक आला असं घरात सगळे म्हणतात. टेन्शनने अटॅक येतो का? खरी कारणं कोणती, लक्षणं कशी ओळखायची, पुढे काळजी काय घ्यायची?"

आधीची उत्तरं वाचली. तेल कमी खा, रोज चाला, प्राणायाम करा. बरोबरच आहे सगळं. पण तुम्हाला विचारायचंय ते वेगळंच आहे. वडिलांच्या दुखण्याचं पाप तुमच्या माथी आहे का, एवढंच तुम्हाला हवंय. नाही. माझ्या माथी ते २०१९ च्या डिसेंबरपासून मारलं जातंय, म्हणून लिहायला बसले.

माझ्या घटस्फोटाचा निकाल त्या वर्षी ऑगस्टमध्ये लागला. मी माहेरी, कराडजवळच्या गावी राहायला आले. डिसेंबरमध्ये आईला अटॅक आला. आई ५६ वर्षांची. बेरीज करायला कुणाला वेळ लागला नाही.

त्या दिवशी पहाटे साडेचारला आई बंबात जाळ घालायला उठली. थोड्या वेळाने मी गेले तर न्हाणीच्या उंबऱ्यावर बसलेली. बाहेर बोलताना तोंडातून वाफ निघावी अशी थंडी, आणि हिची पाठ घामाने भिजलेली. छातीत दुखतंय का विचारलं तर म्हणाली, "छातीत न्हाई गं. जबडा ठणकतोय आन् पाठीत भरून आलंय. मळमळतंय बी." दादा उठून आला. दारात ऊसतोडीची टोळी उभी होती, ट्रॅक्टर भरायचा होता. तो म्हणाला, "रातीचा ठेचा बाधलाय, पित्त हाय." मलाही पटलं. लिंबू मीच पिळलं, खायचा सोडा मीच घातला. ती ते प्यायली आणि भडाभडा ओकली. "बघ, पित्त पडलं," असं म्हणून दादा रानात गेला. ओकारीनंतर तिला जरा बरंही वाटलं. त्या बरं वाटण्यानेच आमचा घात केला.

सात वाजता गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पित्ताचं इंजेक्शन दिलं, घरी जाऊन पडा म्हणाले. ईसीजीचं मशीन तिथे नव्हतं, दुसरीकडे जाऊन काढा असंही कुणी सांगितलं नाही. १०८ ची गाडी महाराष्ट्रात २०१४ पासून फिरतेय, पण ती अपघाताची गाडी अशी आमची समजूत. शेवटी शेजाऱ्यांच्या पिकअपमधून कराडला पोचलो तेव्हा नऊला दहा मिनिटं कमी होती. चार तास गेले होते.

ईसीजी काढल्या काढल्या धावपळ सुरू झाली. हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक. ही भिंत पोट आणि छाती यांच्यामधल्या पडद्यावर टेकलेली असते, त्यामुळे पुष्कळदा दुखणं पोटाचं वाटतं, मळमळ आणि ओकारी होते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं. ते १२ तासांपर्यंत देतात, पण पहिल्या दोन-तीन तासांत त्याचा जो उपयोग होतो तो नंतर होत नाही. दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी, एक स्टेंट. पैसे महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून झाले. हृदयाचं पंपिंग ४५ टक्क्यांवर आलं, चांगलं असतं तर ५५ च्या वर असतं.

इंजेक्शनची तयारी चालू असताना डॉक्टरांनी विचारलं, "काही व्यसन?" दादा तोवर रानातून येऊन पोचला होता. ताठ मानेने म्हणाला, "नाही साहेब. माळकरी घर आहे आमचं." डॉक्टर काही बोलले नाहीत. त्यांनी आईला आ करायला लावलं, दात बघितले आणि विचारलं, "मावशी, मिश्री दिवसातनं किती येळा?" आईने झोपल्या झोपल्या तीन बोटं वर केली.

मिश्री म्हणजे काय हे आमच्याकडच्या कुणाला सांगायला नको. कोकणात मशेरी म्हणतात. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुस्करायची आणि दातांना लावायची. आई १६ व्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हा सासूने शिकवली. ४० वर्षं. सकाळी लावल्याशिवाय परसाकडला होत नाही, दुपारी लावल्याशिवाय डोकं उतरत नाही. पुरुषाने सिगारेट ओढली तर ते व्यसन. बाईची मिश्री मात्र दात घासण्यात जमा. आईच्या केसपेपरवर "व्यसन" या शब्दापुढे आधी "नाही" लिहिलंय, ते खोडून वर "मिश्री" लिहिलंय. तो कागद मी जपून ठेवलाय.

त्याच संध्याकाळी आयसीयूच्या बाहेर दादा मला म्हणाला, "तुझं तिनं मनाला लावून घेतलं." आत्या मान हलवत होती. तेव्हापासून बारसं असो की वर्षश्राद्ध, कुणी ना कुणी ते वाक्य माझ्यासमोर ठेवतंच.

मी पतसंस्थेत खातेवह्या बघते. थकबाकी कधीची हे तारखेनेच ठरतं, म्हणून मी तारखा काढल्या. २०१६ साली गावच्या शिबिरात आईचं बीपी १७० निघालं होतं. गोळी सुरू केली, महिन्यात बीपी उतरलं, मग "कायमची सवय लागंल" म्हणून गोळी बंद केली. अटॅकच्या वेळी साखर २६० निघाली, त्याआधी कधी तपासलीच नव्हती. नंतर डोळे दाखवले तर पडद्यावर साखरेने केलेली खराबी दिसली. ती व्हायला वर्षं लागतात. मी ऑगस्टमध्ये सही केली म्हणून तिच्या डोळ्याचा पडदा २०१५ पासून बिघडला का? हे मी दादाला विचारलं. तो म्हणाला, तुझं शिक्षण जास्त झालंय.

अजून एक दाखला मला मिळाला, तो तुम्हीही घरी ऐकवा. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची हृदयं डॉक्टरांनी तपासली. निष्कर्ष १९५३ साली छापून आले. सरासरी वय २२. त्यातल्या ७७ टक्के पोरांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत आजाराच्या खुणा होत्या. धडधाकट, कवायत करणारी पोरं! चरबीचा थर विशीतच बसायला लागतो आणि तो वाढायला पुढे वीस-तीस वर्षं घेतो. एक दिवस त्या थराला चीर पडते, तिथे गुठळी धरते, पुढचं रक्त थांबतं. तुमचे वडील ५८ वर्षांचे. तुम्ही तयारी सोडलीत ती कालपरवा. हिशोब तुम्हीच करा.

टेन्शनचा काहीच हात नसतो असं मात्र नाही. हे लिहायला मला जड जातंय. १७ जानेवारी १९९४ ला पहाटे लॉस एंजेलिस भागात भूकंप झाला. त्या एका दिवसात हृदयविकाराने अचानक २४ जण गेले, एरवी तिथे दिवसाला चार-पाच जायचे. पण पुढचे काही दिवस हा आकडा नेहमीपेक्षाही खाली होता. म्हणजे जे काठावर होते तेच त्या धक्क्याने आधी गेले. घागर काठोकाठ भरलेली असली की धक्का कुणाचाही पुरतो. ती चाळीस वर्षं कोण भरत होतं, हे मात्र घरात कुणी विचारत नाही. २००४ साली ५२ देशांतल्या रुग्णांचा इंटरहार्ट नावाचा मोठा अभ्यास आला. त्यातल्या नऊ मुख्य कारणांत मानसिक ताणही आहे. पण त्याच्याही वर धूम्रपान आणि रक्तातली चरबी आहेत, आणि बीपी, साखर, पोटाचा घेर हीही मंडळी त्याच यादीत आहेत. तोंडातल्या तंबाखूनेही धोका वाढतो हे त्याच अभ्यासातून पुढे आलं. आणि आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक साधारण ५३ व्या वर्षी येतो, बाकीच्यांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी. (निव्वळ धक्क्याने हृदय एकदम फुगून ढिलं पडतं असा एक आजार आहे, ताकोत्सुबो. त्यात अँजिओग्राफीत सहसा त्याला कारण ठरेल असा अडथळा सापडत नाही. वडिलांच्या रिपोर्टमध्ये ब्लॉकेज लिहिलं असेल तर ते बहुधा हे नव्हे.)

लक्षणं विचारलीत म्हणून थोडक्यात. सिनेमात छाती धरून पडतात तसं व्हायलाच पाहिजे असं नाही. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटणं, डावा हात, दोन्ही हात, जबडा, पाठ, पोटाचा वरचा भाग, यातलं काहीही दुखू शकतं. थंड घाम, धाप, मळमळ. बायकांत आणि मधुमेहींत छातीत न दुखताही अटॅक येतो. पित्त की अटॅक हे घरी ओळखायच्या भानगडीत पडूच नका, ओळखता येत नाही. चाळिशीच्या पुढचं माणूस घामाघूम होऊन पित्त म्हणत असेल तर ईसीजी काढा. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी लगेच घरी आणू नका, तो परत काढावा लागतो. हृदयाला इजा झाल्याचं दाखवणारं रक्तातलं ट्रोपोनिनही वर यायला काही तास घेतं.

काळजीचं म्हणाल तर गोळ्या. स्टेंट टाकल्यावर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करायच्या नाहीत. आणि तंबाखू कुठल्याही रूपात असो, बंद. आमच्याकडे इथेच भांडण अडलंय. दादा म्हणतो, या वयात आता कशाला तोडायची तिची सवय. पाच वर्षांत मला पिठाच्या डब्यात, देवघरातल्या समईमागे आणि एकदा पोथीच्या कापडात मिश्रीची डबी सापडली. आणून देणारं कोण, ते मला माहीत आहे.

राहिलंच. मी डॉक्टर नाही. अटॅकची शंका आली तर ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चावून खायला सांगतात, पण ॲलर्जी असेल किंवा पोटात अल्सर असेल तर ते अंगाशी येतं, म्हणून १०८ लावून त्यांनाच विचारा. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी शेजाऱ्याच्या पाकिटातली घेऊन देऊ नका. खालच्या भिंतीच्या अटॅकमध्ये तिने बीपी धाडकन पडू शकतं. आईला त्या दिवशी पिकअपमध्ये एकजण ती देत होता, तोंड तिनेच मिटून घेतलं.

गेल्या दिवाळीत आईचं बीपीचं मशीन मी दादाच्या दंडाला बांधलं. १६४ वर १०२. परत घेतलं, तेवढंच. तोंडात तंबाखू-चुन्याची गोळी तशीच धरून म्हणाला, "उसाचं बिल थकलंय ना, त्याचं टेन्शन."

तुम्ही आता वडिलांची फाईल काढा. पहिल्या पानावर "व्यसन" पुढे काय लिहिलंय बघा, आणि ते सांगायला त्या वेळी तिथे कोण उभं होतं तेही आठवा.