कर्दळ वाढवून अमोनिया जाणार नाही, आधी वाफ्याला हवा द्या

घरचं सांडपाणी शुद्ध करायला सेप्टिक टँकच्या पुढे खडीचा आडवा वाफा (पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला वाहतं तो) करून कर्दळ लावली, पाणी नितळ येतं, वासही नाही, पण लॅबच्या रिपोर्टात अमोनिया होता तेवढाच. मग आणखी कर्दळ लावू का, असं तुम्ही विचारलंय. नका लावू. गोव्यात सत्तरी तालुक्यात आमच्या घरामागे हेच झालं, तेव्हा मीही आधी रोपंच वाढवली होती. काही फरक पडला नाही.

झाडं अमोनियातला नायट्रोजन घेतात तो साधारण दहावा हिस्सा, तोही कापलेला पाला वाफ्याबाहेर नेला तरच. खरं काम जिवाणूंचं. काही जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात. त्यांना हवा भरपूर लागते, १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे जवळजवळ ४.६ ग्रॅम ऑक्सिजन. दुसरे त्या नायट्रेटचा वायू करून हवेत सोडतात. त्यांना हवा चालत नाही, पण खायला कार्बन लागतो.

आडव्या वाफ्यात खडी कायम बुडालेली असते. हातमोजे घालून वीतभर खालची मूठभर खडी काढून बघा. काळी निघेल, कुजक्या अंड्याचा वास येईल. मुळांना चिकटून तेवढा तांबूस पातळ थर दिसेल. मुळांतून झिरपणारी हवा तेवढ्यालाच पुरते.

म्हणून आडव्याच्या आधी एक उभा वाफा करा, म्हणजे पाणी वरून खाली झिरपेल असा: वर वाळू, तळाला खडी आणि निचऱ्याचा पाइप. पाणी सतत नको. दिवसातून चार-सहा वेळा एकदम सोडायचं. ते खाली उतरताना मागोमाग हवा आत ओढली जाते. चिऱ्यांचे (जांभ्या दगडाचे) तुकडे मात्र भरू नका, भुगा होऊन वाफा तुंबतो.

पाणी कुळागराला, म्हणजे माडा-पोफळींच्या बागेलाच जात असेल तर उन्हाळ्यात नायट्रोजन काढायची गरजच नाही, झाडांना ते खतच आहे. काळजी पावसाळ्याची. तेव्हा शिंपण बंद असतं आणि नायट्रेट चिऱ्याच्या जमिनीतून सरळ विहिरीत उतरतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि तान्ह्या बाळांना ते फार बाधतं. तुमची विहीर उताराला असेल तर नायट्रोजन काढणं टाळू नकाच.

पुढच्या वेळी अमोनियासोबत नायट्रेटही तपासून घ्या. उभ्या वाफ्याच्या पाण्यात अमोनिया उतरून नायट्रेट चढलं, की तो लागू पडला. ते नायट्रेट पुढे आडव्या, बिनहवेच्या वाफ्यात वायू होऊन जायला हवं. तरीही शेवटच्या पाण्यात नायट्रेट राहिलं, तर उभ्या वाफ्यातलं थोडं पाणी पुन्हा सेप्टिक टँकमध्ये फिरवा. कार्बन तिथे आयताच आहे.