दर तिसऱ्या दिवशी मुका होणारा कीबोर्ड

प्रश्न : मी चिपळूणचा निवृत्त शिक्षक. आईच्या जात्यावरच्या ओव्यांची वही संगणकावर उतरवतो आहे. दोन वर्षांपूर्वी मुलाने चार्जिंगचा वायरलेस कीबोर्ड आणून दिला. अक्षरांखाली दिवे लागतात, त्यामुळे रात्री सोयीचं होतं. सुरुवातीला एकदा चार्ज केला की आठवडाभर चालायचा, आता तिसऱ्या दिवशी मान टाकतो. शेवटी मी केबल कायमचीच जोडून ठेवली आहे. कीबोर्ड बिघडला, की माझंच काही चुकतंय?

उत्तर : सर, आधी ते दिवे बंद करा. अक्षर दाबल्याचा निरोप संगणकाला पोचवायला कीबोर्डला अगदी थोडी वीज पुरते, खरी वीज खातात ते दिवे. लॉजिटेकच्या २०१९ सालच्या ‘एमएक्स कीज’ कीबोर्डबद्दल कंपनीनेच सांगितलेला हिशेब बघा. पूर्ण चार्ज केल्यावर दिवे चालू असतील तर १० दिवस, बंद असतील तर ५ महिने. आईची वही वाचायला तुम्हाला टेबलावरचा दिवा लागतोच. तोच जरा पुढे ओढला तर अक्षरंही दिसतील.

दुसरं, केबल कायम जोडून ठेवू नका. आतली बॅटरी लिथियम आयनची असते. सतत काठोकाठ भरलेली राहणं तिला मानवत नाही आणि उकाडा तर त्याहून नाही. कोकणातला एप्रिल-मे तुम्हाला मी काय सांगणार! खिडकीतून ऊन येतं तिथून कीबोर्ड हलवा. वीस टक्क्यांच्या आसपास आला की चार्जिंगला लावा, ऐंशीच्या पुढे गेला की काढा. टक्के दिसत नसतील, तर कीबोर्डवरचा छोटा दिवा लाल होण्याची वाट न बघता अधूनमधून तासभर लावत जा. त्यासाठी संगणकाचा यूएसबी पोर्ट पुरेसा आहे.

मी १९९८ पासून पुण्यात अक्षरजुळणी करते. दिवसाचे आठ तास हात कीबोर्डवर असतात, तेव्हा हे सगळं अनुभवून सांगते आहे. २०१७ मध्ये मी असाच आतल्या बॅटरीचा कीबोर्ड घेतला. त्याचा स्पर्श इतका छान होता की लांबलचक संहिता करताना मनगट दुखायचं थांबलं. चौथ्या वर्षी चार्जिंग महिन्यावरून आठवड्यावर आलं, मग दिवसाआड. आणि एक दिवस टाइप करताना तो टेबलावर डुगडुगायला लागला. टेबल वाकडं असेल म्हणून मी पायाखाली पुठ्ठा घातला. उलटा करून बघितला तेव्हा कळलं, खालचा पत्रा मधोमध फुगला होता. बॅटरी फुगली होती! सर्व्हिस सेंटरने सांगितलं, बॅटरी बदलून मिळत नाही, नवा घ्या. उत्तम चालणाऱ्या शंभरेक कळा एका पापडाएवढ्या बॅटरीपायी टाकून द्यायच्या, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

म्हणून आज एक करा. कीबोर्ड काचेवर किंवा फरशीवर ठेवा आणि समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने दाबा. पूर्वी स्थिर असलेला कीबोर्ड आता हलत असेल, तर चार्जिंग तिथेच थांबवा. टोचू नका, दाबून सपाट करायला जाऊ नका, घंटागाडीत टाकू नका. तो ई-कचऱ्यातच गेला पाहिजे. हलत नसेल आणि दिवे बंद करूनही तीनच दिवस चालत असेल, तर बॅटरी थकली असं समजा. एखाद्या चांगल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला दाखवा, काही कीबोर्ड उघडता येतात. नवा घ्यायचीच वेळ आली, तर दुकानात रंग आणि किंमत नंतर विचारा. ‘याची बॅटरी बदलून मिळते का?’ हे आधी विचारा.

मी स्वतः २०१३ साली घेतलेल्या, दोन बारक्या पेन्सिल सेलवर चालणाऱ्या कीबोर्डकडे परत आले. दर गुढीपाडव्याला सेल बदलते आणि झाकणाच्या आत तारखेची चिठ्ठी चिकटवते. घरात मुलीचा चार्जिंगचा कीबोर्ड आहे. भिंतीवरच्या कालनिर्णयचं पान उलटलं की तो त्या रात्री चार्जिंगला लागतो.

प्रश्न : नांदेडला माझं छोटं डीटीपी सेंटर आहे. सेलवरच्या कीबोर्डमध्ये रिचार्जेबल सेल चालतील का? शिवाय नवे सेल घालूनही अक्षरं गळतात. ‘पत्र’चं ‘पतर’ होतं, मध्येच ‘गगगग’ उमटतं.

उत्तर : चालतील. साध्या अल्कलाइन सेलचा दाब १.५ व्होल्ट, रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइडचा १.२. त्यामुळे भरलेले सेल घालूनही कीबोर्ड ‘बॅटरी कमी’ म्हणू शकतो, त्याने घाबरू नका. मात्र हे सेल बराच काळ एकाच दाबावर चालतात आणि शेवटी एकदम बसतात, म्हणून चार्ज केलेली एक जोडी खणात तयार असू द्या. पडून राहिले तरी चार्ज धरून ठेवणारे सेल घ्या. सान्योने २००५ मध्ये एनेलूप आणले तेव्हापासून ते मिळतात. जुना-नवा सेल जोडीने घालू नका.

अक्षरं गळण्याचं कारण बहुधा सेल नाहीच. रिसीव्हर, म्हणजे कीबोर्डचा निरोप झेलणारा संगणकात खोचलेला छोटा तुकडा, निळ्या यूएसबी ३.० पोर्टमध्ये आहे का बघा. त्या पोर्टमधून, विशेषतः शेजारी हार्ड डिस्क चालू असेल तेव्हा, २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास रेडिओ लहरींचा गोंगाट निघतो आणि कीबोर्डचा निरोपही त्याच पट्ट्यातून जातो. इनस्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या कळरचनेत हलन्त, म्हणजे जोडाक्षरासाठीचा पाय मोडणं, ही वेगळी कळ, तिचा निरोप हरवला की ‘पतर’. कळ सोडल्याचा निरोप हरवला की ‘गगगग’. हात-दीड हाताची यूएसबी एक्स्टेन्शन केबल आणा आणि रिसीव्हर कॅबिनेटच्या मागून काढून टेबलावर, कीबोर्डसमोर ठेवा. माझ्याकडे तेवढ्यानेच भागलं.

सेलचा कप्पाही उघडून बघा. स्प्रिंगवर पांढरी-हिरवट भुकटी दिसली तर सेल पाझरले आहेत. बोटाने खरवडू नका, ते अल्कली असतं. कानकोरणीच्या कापसावर लिंबाच्या रसाचा थेंब घेऊन पुसा, मग ओलसर कापसाने, मग कोरड्या. रात्रभर झाकण उघडं ठेवा, सकाळी नवे सेल घाला.